शाळा कोण चालवते?

संकटाच्या काळात समाज शिक्षकांचे आभार मानतो, परंतु ज्या कामाबद्दल आभार मानायचे ते काम नेमके कोणते होते, हे जाणून घेण्याची तसदी तो क्वचितच घेतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ ही घोषणा सर्वतोमुखी झाली. मात्र ते शिक्षण कोणी आणि कशाच्या बळावर सुरू ठेवले, हा प्रश्न गौरवाच्या भाषणांत मागेच पडला. कृतज्ञतेला सामाजिक मूल्याचे स्थान द्यायचे असेल, तर या प्रश्नाचे तपशीलवार उत्तर आधी द्यावे लागते.

पाठ सांगणे हे अध्यापनाचे बाह्यांग होय. मुलाला काय कळले नाही हे ओळखणे, हा त्याचा गाभा. मूल शिकत असतानाच त्याच्या तोंडी उत्तरांवरून, वहीवरून आणि वर्गातील वावरावरून त्याची प्रगती सातत्याने जोखण्याच्या पद्धतीला आकारिक मूल्यमापन म्हणतात, आणि शाळा बंद होताच हीच प्रक्रिया खंडित झाली. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेल्या ‘टिली-मिली’ या मालिकेने स्मार्टफोन नसलेल्या घरांतही पाठ पोहोचवले, तरी दूरचित्रवाणीला मुलाचा गोंधळलेला चेहरा दिसू शकत नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी अनेक गावांत शिक्षक ओसरीवर, पारावर किंवा देवळाच्या सभामंडपात मोजकी मुले अंतराने बसवून शिकवू लागले. सोलापूरच्या नीलमनगर भागात तर घरांच्या भिंतींवरच धडे रंगवण्यात आले. व्हॉट्सॲपवर आलेल्या वह्यांच्या अंधुक छायाचित्रांतून हातच्याची चूक शोधून ती पालकाच्या फोनवरून मुलाला समजावण्यात कित्येकांच्या रात्री गेल्या. पुढे २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक वा गृहपाठाला २० गुणांचा भार देऊन निकाल लावला गेला, म्हणजेच लाखो विद्यार्थ्यांचे भवितव्य शिक्षकांनी ठेवलेल्या नोंदींवर विसंबले.

शाळेचे काम मात्र अध्यापनाने संपत नाही. पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदळाचे प्रमाण ठरलेले आहे. वर्ग बंद असताना खिचडीऐवजी कोरडा शिधा देण्याचे ठरले, तेव्हा शालेय दिवसांनी हे प्रमाण गुणून प्रत्येक मुलाचा वाटा काढणे, तांदूळ आणि डाळ वेगवेगळी मोजणे, पालकांना टप्प्याटप्प्याने बोलावणे आणि नोंदवहीत सह्या घेणे, हे सारे शाळांतूनच पार पडले. मुख्याध्यापकांइतकाच त्यात शिपाई आणि तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या स्वयंपाकी-मदतनीस स्त्रिया यांचा वाटा होता. गौरवाच्या यादीत मात्र त्यांची नावे अभावानेच दिसली.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना शिक्षणेतर कामे देण्यास मनाई करते, परंतु जनगणना, निवडणुका आणि आपत्तीनिवारण यांचा त्याला अपवाद आहे. या अपवादाच्या आधारे शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणापासून तपासणी नाक्यांपर्यंतची कामे देण्यात आली आणि त्या काळात काहींना प्राणही गमवावे लागले. अशा वेळी सावित्रीबाई फुले यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, कारण पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करतानाच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तथापि सावित्रीबाईंचा त्याग स्वेच्छेचा होता. आदेशाने कामावर पाठवलेल्या शिक्षकाला संरक्षणाची साधने, विमा आणि वेळेवर वेतन देणे हे शासनाचे कर्तव्यच ठरते, आणि त्यागाचा आदर्श पुढे करून त्या कर्तव्यातून सुटका करून घेता येत नाही.

गौरव आणि व्यवस्था यांतील हे अंतर डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट दिसले. त्या महिन्याच्या ३ तारखेला सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले, निम्मी रक्कम अन्य अंतिम स्पर्धकांना वाटून देण्याच्या त्यांच्या निर्णयाने त्या सन्मानाची उंची वाढली आणि महाराष्ट्राने त्याचा यथार्थ अभिमान बाळगला. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, ११ डिसेंबरच्या शासन निर्णयाने अनुदानित खासगी शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे रिक्त होताच संपुष्टात आणून त्यांच्या जागी ‘शिपाई भत्ता’ नावाची ठोक रक्कम शाळांना देण्याचे ठरवले. घंटा देणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या, निर्जंतुकीकरण करणाऱ्या आणि आजारी मुलाला घरी पोहोचवणाऱ्या माणसाचे पद हे शाळेच्या रचनेतील कायमचे अंग नाही, असाच या निर्णयाचा अर्थ होतो.

म्हणून शिक्षक दिनाची शाल आणि श्रीफळ यांचे मोल मान्य करूनही, कृतज्ञतेची खरी कसोटी अर्थसंकल्पात आणि पदांच्या मंजुरीत लागते. रिक्त पदे भरणे, स्वयंपाकी स्त्रियांना जगण्यापुरते मानधन देणे, शिक्षणेतर कामांना काटेकोर मर्यादा घालणे आणि साथीच्या वर्षात शाळांनी शोधलेल्या उपायांची पद्धतशीर नोंद ठेवणे, या गोष्टी घडल्या, तर पुढच्या संकटात मुलांचे शिक्षण कोणा एकाच्या असामान्य त्यागावर अवलंबून राहणार नाही. आणि कठीण वर्षात शाळा चालवणाऱ्या माणसांचे ऋण फेडण्याचा याहून प्रामाणिक मार्ग समाजापाशी नाही.