छेद कोणता धरायचा?

प्राथमिक आरोग्य केंद्राची कार्यक्षमता मोजायची म्हटली की आधी ओपीडीचं रजिस्टर उघडतात. महिन्यात किती रुग्ण तपासले, किती बाळंतपणं झाली, किती बालकांना लस दिली, आणि त्यासाठी डॉक्टर, सिस्टर, खाटा, पैसा किती लागला. 1978 मध्ये मांडलेली डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस ही पद्धतही हेच करते. थोडक्या साधनांत जास्त काम करणारी केंद्रं निवडायची आणि बाकीची त्यांच्याशी ताडून पाहायची. पण जिल्ह्यातली सगळीच केंद्रं ढिली असतील, तर त्यातलं कमी ढिलं केंद्र पूर्ण गुण घेऊन जातं.

माझा आक्षेप याहून मुळातला आहे. निकषाप्रमाणे सपाटीवर 30,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक केंद्र असतं. छेदाच्या जागी हीच माणसं हवीत. आपण मात्र दारात आलेलीच धरतो. रस्ता नाही म्हणून एखादी बाई पाड्यावरच बाळंत झाली, तर केंद्राच्या आकड्यात एक कमी होतो, इतकंच. तिचं मूल दगावलं आणि नोंदच झाली नाही, तर कागदावर केंद्र चांगलंच दिसतं. महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत हे 'कोवळी पानगळ' अहवालाने 2001 मध्ये दाखवलं, ते घरोघर जाऊन मोजल्यामुळे.

दारात आलेल्यांच्या बाबतीतही नुसती संख्या फसवी असते. महाडजवळच्या बिरवाडी केंद्रात 1976 च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात तेव्हा विंचू चावून धडधाकट माणसं जात. बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवत. फुफ्फुसात पाणी भरून मरण येतं हे त्यातून उमगलं. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी उपचारात आली आणि मृत्यू झपाट्याने घटले. तासाला किती रुग्ण, हा हिशोब लावला असता तर त्या रात्री वायाच गेल्या असं निघालं असतं.

म्हणून मोजणी गावातून सुरू व्हावी. 2007 पासून महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीतून गावकरी आपल्या केंद्राचं प्रगतिपत्रक भरू लागले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारू लागले. त्याला जोडून दरवर्षी केंद्राच्या हद्दीतली काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडावीत. शेवटचा ताप आला तेव्हा कुठे गेलात? पदरचे किती गेले? आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या या महिन्यात मिळाल्या का, की अर्ध्यावरच संपल्या?