माझ्या यादीत कुमारप्पा का नव्हते

जून जवळ आला की माझ्याकडे याद्या मागायला लोक येतात. वाचनालयाला पाच जूनच्या पर्यावरण दिनासाठी टेबलावर मांडायला पुस्तकं हवी असतात, कुणाच्या मुलीला कॉलेजचा प्रकल्प करायचा असतो. ‘पर्यावरणावर काय वाचू?’ हा प्रश्न मला आवडतो. जरा जास्तच आवडतो, म्हणून यंदा यादी देण्याआधी ती स्वतःपुढे ठेवून बसले.

नावं नेहमीचीच. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, चितमपल्लींचं ‘रानवाटा’, वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’, रेचल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’, दिलीप कुलकर्णींचं ‘निसर्गायण’, शूमाकरचं ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’, माधव गाडगिळांचं ‘सह्याचला आणि मी’. यातलं एकही काढून टाकावं असं नाही. प्रश्न पुस्तकांचा नाही. यांतल्या कुठल्या पुस्तकावर मी भरभरून बोलते आणि कुठल्याचं नुसतं नाव सांगून पुढे सरकते, हा आहे.

कार्व्हरवर मी तासभर बोलू शकते. कापसाने निःसत्त्व झालेली अमेरिकेच्या दक्षिणेतली जमीन, टस्कीगीतला तो गुलामाच्या पोटी जन्मलेला शास्त्रज्ञ, भुईमूग लावा म्हणजे मातीत नत्र परत येईल हे गरीब शेतकऱ्यांना पटवत फिरणं. १९८१ साली आलेलं हे पुस्तक मराठी घरांत आजही वाढदिवसाला दिलं जातं. ते वाचताना मन भरून येतं. पण माझ्याकडून ते काही मागत नाही. जमीन अलाबामातली, कष्ट कार्व्हरचे, माझ्या वाट्याला फक्त आदर. कार्सनबाईंचं तेच, फक्त तिथे आदराऐवजी राग. १९६२ साली त्यांनी डीडीटीवर लिहिलं, रसायन कंपन्या त्यांच्यावर तुटून पडल्या, त्या १९६४ मध्ये कर्करोगाने गेल्या आणि १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतल्या डीडीटीवर बंदी आणली. राग अगदी रास्त आहे. पण त्या गोष्टीत आरोपी दुसरेच असतात, म्हणून मला तो राग परवडतो.

आणि जे. सी. कुमारप्पा? ते यादीत नव्हतेच. विसरले म्हणावं, तर त्यांचं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ माझ्या कपाटात आहे, समासात पेन्सिलच्या खुणा आहेत. म्हणजे वाचलंय आणि बाजूला ठेवलंय. शूमाकरने आपल्या बौद्ध अर्थशास्त्रावरच्या निबंधात कुमारप्पांचा आधार घेतला आहे. तरी मी शूमाकर सुचवते आणि ज्यांनी आमच्या वर्ध्याच्या मगनवाडीत आयुष्याचा ऐन काळ घालवला त्यांना गाळते. याचं थोडं खापर आपल्या इंग्रजी दबदब्यावर फोडता येईल. पण सगळं नाही.

कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस. लंडनला शिकलेले, मुंबईत व्यवसाय असलेले, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केलेले. १९२९ मध्ये गांधींना भेटले आणि पुढे १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्यात बसून पाहिलं. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ त्यांनी बेचाळीसच्या चळवळीनंतर तुरुंगात लिहिलं. १९४५ च्या प्रस्तावनेत गांधींनी म्हटलं की ते दोन-तीनदा वाचावं लागेल. भाषा कोरडी आहे, खरं आहे. पण मी ते कोरडेपणामुळे टाळलेलं नाही. हा माणूस निसर्गाचं कौतुक करता करता मध्येच खतावणी उघडतो, हे मला नको असतं.

त्यांचं म्हणणं साधं आहे. कोळसा, खनिज तेल हा साठा; उपसला की संपणार आणि त्याच्यासाठी भांडणं होणार. जंगल, पाऊस, जनावरांची आणि माणसांची ताकद हा प्रवाह. जपून वापरला तर चालत राहणार. मग ते जगण्याच्या पायऱ्या मांडतात. आमराईत शिरून आयती फळं खाणारं, झाडाला काहीच न देणारं माकड खालच्या पायरीवर आणि पिलांना भरवणारी पक्षीण सगळ्यांत वर. इथवर मी मान डोलावते. पुढे ते विकत घेणाऱ्याला पकडतात. वस्तू कुणी, कशा परिस्थितीत, काय ओरबाडून बनवली याची जबाबदारी पैसे मोजणाऱ्यावरही आहे, तिथे सक्तीची मजुरी असेल तर ग्राहक तिच्यात भागीदार आहे, असं ते थेट सांगतात. इथे मी पुस्तक मिटते.

कारण माझी खतावणी अशी. कापडी पिशवी नेते, ओल्या कचऱ्याचं खत करते, घरी चार चाकं नाहीत; हे लोकांना दिसतं आणि मी दिसू देते. मुलगी न्यू जर्सीत आहे. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन एका प्रवाशाच्या वाट्याला जो कार्बन डायऑक्साइड येतो, तो सरासरी भारतीयाच्या वर्षभराच्या उत्सर्जनाच्या जवळपास पोचतो. म्हणजे एका प्रवासात माझी कापडी पिशवी, खत, सगळं धुऊन निघतं. तरी मी जाणार. नातू आहे, जाणारच. हे बदलायची माझी तयारी नाही, हे स्वतःला स्पष्ट सांगितलेलं बरं. निदान पुस्तकं सुचवताना आवाजात ती साधुपणाची झाक येणार नाही.

यावर माझ्या मनाने एक उत्तर तयार ठेवलेलं असतं: व्यक्तीला कसलं धरता, कंपन्यांना आणि सरकारला धरा. ते खोटंही नाही. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घरोघरी पोचवण्यात २००५ च्या आसपास बीपी या तेल कंपनीच्याच जाहिरातींचा मोठा हात होता. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला हिशेब करायला बसवलं. हे कळलं तेव्हा मला संताप आला. पण बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचाच मला संशय आहे. कंपनीने लबाडी केली म्हणून माझ्या तिकिटाचं इंधन कमी जळत नाही. शिवाय सरकारला धरायचं तर धरायला जावं लागतं. मी कुठल्या जनसुनावणीला गेले? एकाही नाही.

गाडगीळ समितीचा पश्चिम घाटावरचा अहवाल २०११ मध्ये सरकारला सादर झाला. तो स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे ठेवा, कुठे काय व्हावं हे लोकांना ठरवू द्या, असा गाडगिळांचा आग्रह. त्यावर मी तावातावाने बोलते. पण त्यांचं आत्मचरित्र मी वाचलं ते एका नातेवाइकांच्या सह्याद्रीतल्या ‘सेकंड होम’च्या व्हरांड्यात. उतार कापून सपाट केलेली जागा, समोर धरणाचं पाणी, घराला टँकर. दोन दिवस सुंदर गेले आणि मी यजमानांना एका शब्दाने काही विचारलं नाही. पाहुणीने विचारायचं नसतं, हेही आपणच ठरवलेलं.

वाचन म्हणजे एकटीने खुर्चीत बसून वाचणं, असं मी धरून चालले होते. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने वेगळी रीत पाडली. मिलिंद बोकीलांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’मध्ये ती लिहिली आहे. तिथे अभ्यास गट असतो. बाहेरचा जाणकार बोलावतात, कायदा समजून घेतात, खल करतात. निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. त्या अभ्यासातून २००९ मध्ये अठराशेहून अधिक हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. आमच्या सोसायटीत ऐंशीच्या वर माणसं आहेत, बहुतेक सगळी पदवीधर. पावसाचं पाणी विंधनविहिरीत सोडायचा विषय सभेत वर्षानुवर्षं पुढच्या सभेवर जातो. त्या सभेत मी पर्यावरणाची वाचक म्हणून ओळखली जाते, आणि ‘उशीर झालाय, पुढच्या वेळी बघू’ याला हात मीही वर करते.

यंदाच्या यादीत कुमारप्पा पहिले आहेत. बाकीची नावं तशीच. फक्त यादी न्यायला याल तेव्हा एकटे येऊ नका, आपल्या इमारतीतली दोन-चार माणसं सोबत आणा. आणि प्रत्येकाने गेल्या महिन्याचं विजेचं बिल, पेट्रोल, वाणसामान, घरपोच आलेले खोके आणि वर्षभरातले प्रवास एका कागदावर लिहून आणा. माझा कागद मी टेबलावर आधी ठेवीन, न्यू जर्सीसकट.