यशोदेची सेवा

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ३९

मित्रांनो, अक्रूर रथ घेऊन गोकुळात येतो आणि कृष्ण मथुरेला निघतो. यशोदेनं त्याला जन्म दिला नव्हता. तरी न्हाऊमाखू घातलं, उखळाला बांधलं, उराशी धरलं. अकरा वर्षांनी तो गेला. म्हणून तिला कोणी 'तात्पुरती आई' म्हणतं का?

शेल्टरमधला कुत्रा काही आठवडे घरी सांभाळा म्हटलं, की बरेच जण म्हणतात, "नको रे, जीव लागतो, मग देववत नाही." खरंय, जीव लागणारच. पण जीव लावणारं कोणी भेटलं, तरच पिंजऱ्यातलं ते घाबरलेलं लेकरू सावरतं! मिक्सरच्या आवाजाला न दचकणं, हातातून खाणं, निवांत झोपणं, हे घरातच शिकता येतं. आणि ते कायमच्या घरी गेलं, की तुमच्याकडची जागा पुढच्याला मिळते.

मात्र सोपवणं वेगळं, टाकणं वेगळं. इंद्राचा रथ समोर असतानाही धर्मराजानं सोबतच्या कुत्र्याला टाकलं नाही. म्हणून नवं घर स्वतः जाऊन बघा. घरातले सगळे तयार आहेत का, भाड्याचं घर बदलावं लागलं तर काय, हे विचारा. रेबीजच्या लशीचे, नसबंदीचे कागद द्या. खोडी लपवू नका. "नाहीच जमलं तर रस्त्यावर सोडू नका, मला फोन करा," एवढं बजावून ठेवा.

मग रडू आलं तर येऊ द्या. यशोदाही रडलीच असेल.

जय श्रीकृष्ण!