नेता नसलेल्या पक्षाचा नेता

‘आमच्याकडे नेता नाही, सगळे कार्यकर्तेच,’ हे वाक्य निवडणूक हरल्यावर हमखास ऐकू येते. प्रचारात फलकावर चेहरा एकाचाच असतो. पराभव झाला की नेतृत्व सामूहिक होते. नेता नसण्याची कल्पना जबाबदारी झटकायला इतकी उपयोगी पडेल, असे ती मनापासून राबवणाऱ्या हरित पक्षांना वाटले नसणार. पण ही पळवाट मूळ कल्पनेतच होती, असे माझे मत आहे.

जर्मन ग्रीन्सची कथा परिचित आहे. १९८३ मध्ये ५.६ टक्के मतांवर ते संसदेत गेले, ते दोन वर्षांनी खासदाराने जागा सोडून यादीतल्या पुढच्याला द्यायची, असे ठरवून. त्यांच्या खासदार पेट्रा केलींनी जागा सोडायला नकार दिला. १९९० मध्ये पश्चिम जर्मनीत पाच टक्क्यांची अट पुरी झाली नाही, पुढच्या वर्षी उरलीसुरली फिरती पद्धतही गेली आणि ग्रीन्सचेच जोश्का फिशर यथावकाश परराष्ट्रमंत्री झाले. आदर्श हरला, व्यवहार जिंकला, असे म्हणून बहुतेक जण हा विषय मिटवतात.

ब्रिटनच्या ग्रीन पार्टीलाही हाच निष्कर्ष लावला जातो, आणि तिथे तो चुकतो. १९८९ च्या युरोपीय निवडणुकीत या पक्षाला सुमारे १५ टक्के मते मिळाली, जागा एकही नाही. पक्षाला अधिकृत नेता नव्हता, अनेक प्रवक्ते होते. त्यांतला कोण लोकांच्या लक्षात राहणार, हे सभासदांपेक्षा दूरचित्रवाणीच जास्त ठरवत होती. डेव्हिड आइक हा त्यांतलाच एक ओळखीचा चेहरा. १९९१ मध्ये पक्षाच्या कामातून बाहेर पडून तो स्वतःच्या दैवी कार्याविषयी बोलू लागला, तेव्हा हसे पक्षाचेही झाले. त्याच वर्षी पक्षातल्या सारा पार्किन यांच्या गटाने सुटसुटीत कार्यकारिणी मंजूर करून घेतली. अंतर्गत भांडणांना कंटाळून १९९२ मध्ये पार्किनच कार्यकारिणीचे अध्यक्षपद सोडून गेल्या. पक्षात सत्ता होती, वजनदार माणसेही होती. नव्हती ती एवढीच सोय, की सगळ्या सभासदांनी एका ठरलेल्या दिवशी एखाद्याला ‘आता पुरे’ म्हणावे.

म्हणून २००७ चे सभासद-मतदान मला वेगळे दिसते. मतदान करणाऱ्या सभासदांपैकी ७३ टक्क्यांनी ‘नेता’ हे पद स्वीकारले आणि पुढच्या वर्षी कॅरोलाइन लुकास त्या पदावर निवडून आल्या. विरोधकांची भीती खरी होती: पद निर्माण झाले की व्यक्ती पक्षापेक्षा मोठी होते. पण व्यक्ती आधीही मोठ्या होतच होत्या, फक्त नियमांच्या बाहेर. आता पदाला मुदत आली, सभासदांची निवडणूक आली, दोघांनी मिळून नेतृत्व करण्याची मुभाही आली. हरितांनी इथे करिश्म्यापुढे मान तुकवली नाही. त्याला सभासदांच्या मताखाली आणले.

याची कसोटी २०२५ मध्ये नेतेपदाच्या निवडणुकीत लागली. सहनेते असलेले एड्रियन रॅमसे आणि निवडणुकीतल्या त्यांच्या जोडीदार एली चाउन्स, दोघेही विद्यमान खासदार, झॅक पोलान्स्की या खासदार नसलेल्या उमेदवाराकडून मोठ्या फरकाने हरले. पोलान्स्की पक्षाला कुठे नेतील, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. पण त्यांना कोणी बसवले आणि कोण उतरवू शकते, यावर वाद नाही. लोकशाही पक्षाकडून मी नेत्याच्या अभावाची नव्हे, एवढ्या स्पष्टतेची अपेक्षा ठेवतो.