पडद्यातला आरसा



पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर भरलेलं अंग हे चांगल्या निगराणीचं लक्षण मानलं जाई. कुणी बारीक झालं, की घरचे काळजीत पडत. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी १९९५ मध्ये एकही आढळली नव्हती. १९९८ मध्ये शंभरातल्या सुमारे ११ जणींनी तसं सांगितलं.

आपल्याकडे तो पडदा आता मुलींच्या हातातच असतो. त्यात स्थळ पाहताना ‘सडपातळ हवी’ ही अट, आणि घरातलीच शेरेबाजी, “किती सुटलीस गं!”

जेवण टाळणं, जेवून गुपचूप उलटी करणं हे नखरे नव्हेत. तो आजार आहे. जिवावर बेतू शकतो, आणि उपचारांनी बराही होऊ शकतो. मुलगी चौघांत जेवायचं टाळू लागली, तर रागावू नका. शांतपणे विचारा, डॉक्टरांकडे तिच्यासोबत जा.

आणि आज कुणाची लेक भेटली, तर तिच्या अंगकाठीऐवजी तिच्या अभ्यासाची, कामाची, आवडीनिवडीची चौकशी करूया.