पुसलेले वाक्य

मराठी शाळेत मुलाच्या हाती पाटी येण्यापूर्वी धूळपाटी येत असे. फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने तिच्यावर अक्षर काढायचे, फळी हलवली की अक्षर गेले. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तिच्यामुळे आला. फळी केव्हाच गेली, शब्द तेवढा कोशात राहिला. मग दगडी पाटी आली. ती ओल्या फडक्याने पुसावी असा नियम होता आणि थुंकी लावून तळहाताने पुसावी असा रिवाज होता. विद्येला थुंकी लावतोस म्हणून गुरुजी कान पिळत. पण काय पुसलेस, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. पाटीवरचे पुसले म्हणजे पुसले.

मोठ्या माणसांचे लिहिणे इतके सहज पुसता येत नसे. पोथी उतरवणाऱ्याचे अक्षर चुकले, तर तो त्यावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देई आणि लेपावर नवे अक्षर लिही. अमक्याने आपल्याच तत्त्वांना हरताळ फासला असे आपण म्हणतो, ते या लेपावरून. (दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ निराळा, त्याचा या पिवळ्या रंगाशी संबंध नाही.) जुन्या पोथीत असा डाग दिसला की खाली काय होते ते कळत नाही, पण काहीतरी होते एवढे कळते. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक सबंध समास खर्च केला आहे, तो उगीच नव्हे. लिहिणे ही तेव्हा फार जपून करण्याची गोष्ट होती. वहीचा न्याय आणखी वेगळा. वहीत शब्द खोडला तरी तो रेघेखालून डोकावतो. फार लाज वाटली तर मूल शाईने गिरवून गिरवून त्याचा काळा ठोकळा करते, कधी कागद फाटेपर्यंत. आणि शहाणा शिक्षक असे पान उजेडासमोर धरून पाहत नाही.

धूळपाटी, पाटी, पोथी, वही, प्रत्येकीत पुसण्याची तऱ्हा वेगळी. पण चारींत एक गोष्ट सारखी होती: आपण पुसलेल्याचे पुढे काय होणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. आज शाळेत आलेल्या पाचव्या पाटीविषयी हे म्हणता येत नाही, आणि मला जे लिहायचे आहे ते तिच्याबद्दल.

माझ्या परिचयाच्या एक बाई तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. नोकरीला अठ्ठावीस वर्षे झाली. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तोवर मोबाईलचा त्यांना उपयोग दोनच गोष्टींपुरता होता: लेकीशी बोलणे आणि नातेवाइकांच्या सुप्रभाताला हात जोडणे. नंतरच्या दोन वर्षांत त्या पुष्कळ शिकल्या. गूगल मीटवर वर्ग भरवू लागल्या, व्हॉट्सॲपवर गृहपाठ देऊ लागल्या, पाठ्यपुस्तकातल्या ठिपक्यांच्या चौकोनावर मोबाईल धरून कविता ऐकवू लागल्या. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकात असे चौकोन आणण्याच्या त्यांच्या कामाचा त्यात मोठा वाटा होता. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली हे वाचल्यावर, बाईंच्या मनातला त्या चौकोनांविषयीचा आकस बराच निवळला. टंकलेखनाने मात्र त्यांना छळले. ‘आचाऱ्यांना’ लिहावे आणि पडद्यावर ‘आचार्यांना’ उमटावे. लग्नघरच्या स्वयंपाक्यांना एकाएकी विद्यापीठात बसवल्यासारखे व्हायचे. तो चंद्रकोरीसारखा र कोणत्या कळीने निघतो हे त्यांना नववीतल्या एका मुलाने दाखवले. शिष्याकडून शिकण्यात कमीपणा आहे का, यावर लोक लेख लिहितात. बाईंना तो प्रश्न पडलाच नाही, मलाही पडत नाही.

शाळा पुन्हा भरल्यावर संगणकाची खोली बाईंच्या तासालाही मिळू लागली. २०१४ साली निघालेले गूगल क्लासरूम त्या वापरतात. बाईंनी विषय दिला की प्रत्येक मुलाला आपापले कोरे पान मिळते. मूल त्यावर शाळेत लिहिते, राहिलेले घरी आईच्या मोबाईलवर लिहिते, आणि बाई तेच पान उघडून दुरुस्त्या करतात. वह्यांचे गठ्ठे एस.टी.तून घरी न्यायला नकोत, याचे सुख ज्याने गठ्ठे नेले आहेत त्यालाच कळेल.

या पानाला एक मागची बाजू आहे. ‘आवृत्ती-इतिहास’ नावाची कळ दाबली की पानाच्या जुन्या अवस्था तारीख-वेळेसह एकाखाली एक उभ्या राहतात. सायंकाळी सात वाजता काय होते, साडेसातला काय आले, काय गेले. गेलेला मजकूर मधून रेघ मारलेला दिसतो. प्रत्येक अक्षर सापडते असे नाही, पण बरेच सापडते. म्हणजे हे पान दिसते पाटीसारखे. बोट टेकवले की स्वच्छ. आणि ठेवते मात्र वहीहून जास्त, कारण वहीचा कागद निदान फाडता येतो.

२०२३ च्या दिवाळीची सुट्टी संपल्यावर बाईंनी नववीला निबंध दिला: ‘माझा आवडता सण – दिवाळी’. एका मुलाचा निबंध फार सफाईदार आला. अभ्यंगस्नान, उटण्याचा सुगंध, आकाशकंदील, चकलीचा खमंग वास, करंज्या, भाऊबीज, सारे क्रमाने. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी आले होते आणि मुलांना ते बाईंच्या आधी सापडले होते. बाईंना शंका आली. त्यांनी पानाची मागची बाजू उघडली. शंका खोटी ठरली. निबंध मुलानेच लिहिला होता, दोन दिवसांत, अडखळत, शब्द बदलत. परंतु सर्वांत आधी त्याने एक वाक्य लिहिले होते आणि पुसून टाकले होते: “यंदा आमच्याकडे काही केले नाही, पण मी ते कोणाला सांगितले नाही.” त्यानंतर नवा आरंभ होता: “दिवाळी हा दिव्यांचा सण आहे.”

बाईंनी मला मुलाचे नाव सांगितले नाही, मीही विचारले नाही. सांगितले त्यातलेही दोन तपशील मी बदलले आहेत.

आता बाईंनी काय करावे? दिवाळी न करण्याची कारणे आपल्याकडे अनेक असतात. घरात कोणी गेले असेल तर त्या वर्षी सण करत नाहीत. पण ती गोष्ट लपवण्याची नसते. शेजारीपाजारी उलट त्या घरी फराळाचे ताट पाठवतात. “कोणाला सांगितले नाही” म्हणणाऱ्या मुलाचे कारण ते नसावे. पैसे नसतील, किंवा वडील घरी नसतील, किंवा असून नसल्यासारखे असतील. यंत्राने पुसलेले वाक्य आणून दिले, त्यामागचे घर काही आणून दिले नाही. एवढ्याशा माहितीवर कोणी कनवाळूपणाने त्या घराची कडी वाजवली असती, तर मुलाला पहिल्यांदा काय वाटले असते? मदत आली असे नव्हे. मी तर पुसले होते, मग हे यांना कळले कसे, असे.

मला वाटते, प्रश्नाचे मूळ येथे आहे. दुसऱ्याचे वाचणे हे सरसकट पाप नाही. पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो हे धरूनच माणूस पोस्टकार्ड लिहितो; गुपित असले तर तो पाकिटाचे पैसे देतो. अपराध वाचण्यात नाही, लिहिणाऱ्याला आपण पोस्टकार्डावर लिहीत आहोत हे माहीत नसण्यात आहे. ज्यांचे आयुष्य चाळीत गेले त्यांना हे शिकवावे लागत नाही. भिंतीपलीकडचे भांडण रात्री सगळ्यांना ऐकू येते, आणि सकाळी नळावर कोणी विषय काढत नाही. दोन्ही घरांना ठाऊक असते की भिंत पातळ आहे. त्या जाणिवेवर ही सभ्यता उभी असते.

पण येथेच थांबलो तर मी चाळीचे फार गोड चित्र काढल्यासारखे होईल. याच न ऐकल्याच्या शिष्टाचाराखाली कित्येक बायकांचा मार वर्षानुवर्षे झाकला गेला आहे. तेव्हा पुसलेले ते पवित्र, त्याकडे पाहू नये, असा नियम मला करता येत नाही. मुलाने “मला घरी जायची भीती वाटते” असे लिहून पुसले असते, तर बाईंनी त्याच दिवशी हालचाल करायला हवी होती. कसे कळले हा संकोच तेथे क्षुल्लक आहे. भीती एका बाजूला आणि लाज दुसऱ्या बाजूला, एवढा तरी भेद आपण करू शकतो. भीती दुसऱ्याने वाटून घ्यायची असते. लाज ज्याची त्याची असते, आणि ती केव्हा उतरवून ठेवायची हे त्यानेच ठरवायचे. भेद कागदावर सोपा आहे. एका पुसलेल्या ओळीवरून तो करणे किती कठीण, हे मात्र शिक्षकालाच विचारावे.

भाषेच्या शिक्षकाचे दुःख याहून निराळे आहे. पुसलेले वाक्य हे त्या निबंधातले एकमेव चांगले वाक्य होते. अठ्ठावीस वर्षे बाई वर्गात सांगत आल्या, “मनातले लिहा रे.” एका मुलाने लिहिले, वाचून पाहिले, आणि निबंध म्हणजे काय हे आठवून पुसले. कोणाच्या धाकाने? बाजारात ‘निबंधमाला’ या नावाची पुस्तके मिळतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ज्या नावाने मासिक काढून महाराष्ट्राला खडबडून जागे केले, ते नाव आता दहा ओळींच्या तयार आरंभांना लागले आहे. त्या पुस्तकांतले मुलगा शिकला, आणि गुणही आपण त्यालाच देतो. चॅटजीपीटी पुढे आले ते उशिरा. यंत्रासारखे लिहायला आपण मुलांना त्याआधीच शिकवले होते.

मग ही मागची बाजू कायमची बंद ठेवावी का? तेही न्याय्य वाटत नाही. आज प्रत्येक बऱ्या निबंधावर संशय आहे. मजकूर यंत्राचा की माणसाचा हे ओळखणारी यंत्रे निघाली, परंतु ज्यांनी चॅटजीपीटी बनवले त्या ओपनएआयनेच आपले ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात यंत्रे तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक परीक्षा-निबंध सरासरीने या यंत्रांनी कृत्रिम ठरवले. साधी, मोजकी शब्दसंपत्ती हाच त्या बिचाऱ्यांचा गुन्हा! अशा यंत्राच्या हाती मुलाला देण्यापेक्षा त्याची खाडाखोड पाहणे पुष्कळ बरे. या मुलाचा प्रामाणिकपणा ज्या कळीने सिद्ध झाला, तीच कळ दाबल्याने त्याचे गुपित उघडे पडले. एक ठेवून दुसरे टाळण्याची सोय त्या कळीत नाही.

बाईंनी मुलाला काही विचारले नाही. निबंधाला त्याच्या योग्यतेचे गुण दिले. पुढचा विषय त्यांनी असा दिला की ज्याला घरात तेलाची कढई चढलेली असण्याची गरज नाही: ‘आमच्या घरातला एक आवाज’. त्या मुलाने दळणाच्या डब्याच्या झाकणाविषयी लिहिले आणि चांगले लिहिले. हे पुरेसे झाले का? माझ्या मते नाही. वर्गशिक्षकांकडे सहज चौकशी करून, मुलाला न कळता, फी-पुस्तकांची अडचण आहे का एवढे पाहता आले असते. बाईंना ते मान्य नाही. चोरून कळलेल्या गोष्टीवर चोरून उपकार करणे त्यांना दुप्पट वाईट वाटते. आमचा हा वाद मिटलेला नाही.

जून २०२४ मध्ये, तीच मुले दहावीत आल्यावर, बाईंनी पहिल्याच तासाला फळ्याशेजारच्या पडद्यावर स्वतःचे एक पान उघडले, त्यात एक ओळ लिहिली, पुसली, आणि ती परत काढून दाखवली. वर्ग गप्प झाला. बाईंनी सांगितले की गरज पडली तर ही बाजू मी उघडीन, पण ज्याचे पान त्याला शेजारी बसवून. परिणाम असा झाला की निम्मी मुले आता कच्चे लिखाण वहीच्या मागच्या पानांवर करतात आणि पक्के तेवढे पडद्यावर उतरवतात. शाळेने संगणकावर खर्च केला आणि मुले कागदाकडे वळली, म्हणून शिक्षकांच्या खोलीत थोडा विनोद झाला. मला त्यात हसण्यासारखे दिसत नाही. खोडायला स्वतःची जागा हवी, एवढेच मुलांनी मागितले.

त्या तासाला मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “बाई, मग तुम्ही पुसलेले आम्हाला दिसते का?”

दिसते. पान मुलाचे आहे. त्यावर बाईंनी जे लिहिले, बदलले, पुसले, ते त्यालाही त्याच कळीने दिसते. बाई मुलांच्या निबंधाखाली शेरा लिहितात. दिवाळीच्या त्या निबंधाखाली त्यांनी रात्री दोन ओळी लिहिल्या होत्या, सकाळी त्या काढून ‘छान’ एवढेच ठेवले होते. मुलाने त्या पाहिल्या की नाही, हे त्यांना माहीत नाही आणि विचारायची सोयही नाही. त्या दोन ओळींत काय होते, हे त्यांनी मला सांगितलेले नाही.