कर नाकारण्याचा अधिकार

राज्यकर्त्याने मागितलेला कर ख्रिस्ती माणसाने नेहमीच मुकाट्याने द्यावा काय? कैसराच्या नाण्याविषयी प्रभू येशूने दिलेले उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. संत पौलानेही रोमकरांना कर भरण्यास बजावले. तरीही १९३० साली आपल्याच उपनगरांत सज्जन माणसे कराचा कायदा मोडून तुरुंगात गेली आणि त्यांना आपण गुन्हेगार मानीत नाही. असे का, याचा विचार व्हावयास हवा.

भांडुप-मुलुंडची मिठागरे आपल्या परिचयाची आहेत. ब्रिटिश अमदानीत १८८२ च्या कायद्याने खाडीकाठचे मूठभर मीठ परवान्यावाचून गोळा करणे हाही गुन्हा होता. श्रीमंत आणि मजूर, दोघांच्या चिमटीवर कर सारखाच. १९२३ साली तो मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचा प्रस्ताव आला. मध्यवर्ती कायदेमंडळाने तो फेटाळला. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी विशेषाधिकार वापरून तो लादला. पुढील वर्षी वाढ मागे घेतली गेली, परंतु प्रजेच्या प्रतिनिधींचे मत सरकारला बंधनकारक नाही, हे उघड झाले.

अमेरिकेतील वसाहतींचे भांडण हेच होते. १७६५ चा मुद्रांक कर ब्रिटिश पार्लमेंटने वर्षभरात रद्द केला, पण वसाहतींवर सर्व बाबतींत आपलाच अधिकार चालेल, असेही त्याच वेळी जाहीर केले. १७७३ साली चहा स्वस्त होणार असतानाही बोस्टनकरांनी ३४२ पेट्या समुद्रात लोटल्या. प्रश्न पैशांचा नव्हता, संमतीचा होता.

मात्र ते लोक वेष पालटून रात्री गेले होते. गांधीजींनी कायदा मोडण्यापूर्वी व्हाइसरॉयला पत्राने कळविले. एप्रिल १९३० मध्ये विलेपार्ल्याच्या छावणीतून जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला आदी मंडळींनी उघडपणे मिठाचा कायदा मोडला आणि शिक्षा पत्करली. पुढे वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो लोक चालून गेले.

अधिकाराबाहेरचा किंवा विषमतेने लादलेला भार हा कायदा नव्हे, ती बळजबरी होय, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. पण अन्याय कोणता, हे ठरविताना आपला स्वार्थ हळूच आत शिरतो. म्हणून विलेपार्ल्याची कसोटी मोलाची वाटते: नकार उघड आहे काय? त्याची किंमत आपण स्वतः मोजतो काय? घर विकताना निम्मी रक्कम रोखीने घेणारा आणि बिलावाचून माल विकणारा, दोघेही सरकारला दोष देतात. पण त्यांच्या नकाराची किंमत सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभा असलेला गरीब मोजतो.

याला दुसरी बाजूही आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात कर भरणे आणि मतदान करणे ही कर्तव्ये एकत्रच सांगितली आहेत. आपल्या समाजातील काका बाप्टिस्टा १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्ष झाले आणि १९२५ साली मुंबई महापालिकेचेही. स्वराज्य मागणाऱ्या त्याच माणसाने शहराच्या कारभाराची धुराही वाहिली. मार्च २०२२ मध्ये याच महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईकर नगरसेवकांवाचून कर भरीत राहिले. त्याबद्दल आपल्या धर्मग्रामांतून किती आवाज उठला? पाणी आणि रुग्णालये चालायची असतील तर कर थांबविणे उचित नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. पण जाब विचारण्यास कोणाची मनाई नव्हती. कर भरल्याने कैसराचे देणे फिटते. शेजाऱ्याच्या हक्कासाठी बोलण्याचे आपले देणे मात्र शिल्लकच राहते.